उजव्या बाजूची हाक

१

लग्न झाल्यापासून कानवाली नवऱ्याच्या डाव्या हातालाच चालायची. त्यात रीतभात काही नव्हती. उजव्या बाजूने बोललेलं त्याला ऐकू यायचं नाही, एवढंच. लहानपणी गालगुंड झाले, ताप आला, आणि जाताना तो उजवा कान सोबत घेऊन गेला.

कानवाली हे काही तिचं नाव नव्हे. दवाखान्यात ती लोकांचे कान तपासायची, कोणाला किती ऐकू येतं ते बघायची, म्हणून आख्खी गल्ली तिला तेच म्हणायची. नवरा शाळेत गणित शिकवायचा, तेव्हा तो झाला मास्तर. दोघांची ओळखही तिच्या तपासणीच्या खोलीतच झाली. नोकरीसाठी दाखला हवा म्हणून तो आला होता. तिने यंत्र बंद केलं आणि सरळ सांगितलं, "उजवा कान गेलाय. परत यायचा नाही."

"मग डाव्याची काळजी तुम्ही घ्याल का?" असं त्याने विचारलं होतं. असल्या माणसाला नाही कोण म्हणणार!

सासूबाई म्हणायच्या, "ऐकायचं नसलं की बरोबर उजवा कान पुढे करतो लबाड." त्यावर मास्तरचं उत्तर ठरलेलं. "लोक एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्याने सोडून देतात. माझी सोडायची वाटच बंद आहे. तुम्ही दोघी जे बोलता ते सगळं आत साठतं."

पण एका कानाच्या माणसाची खरी अडचण वेगळीच असते. आवाज ऐकू येतो, तो आला कुठून ते कळत नाही. एकदा बाजाराच्या गर्दीत तिने हाक मारली, तर हा पठ्ठ्या नेमका उलट्या दिशेला गेला आणि भांड्यांच्या दुकानात जाऊन तिला शोधत बसला. तेव्हापासून दोघांनी नियम केला. चुकामूक झाली की मास्तरने जागचं हलायचं नाही. शिट्टी वाजवत बसायचं, दोन लांब आणि एक आखूड. शोधत जायचं ते तिने. आणि काही झालं तरी तिने हाक मारायची नाही, कारण हाक ऐकली की तो निघणार आणि भलतीकडे जाणार.

नियम पाळायला सोपा होता. इतकी वर्षं तो त्यांनी पाळलाही.

२

त्या सुट्टीत दोघं डोंगरातल्या तळ्यांकडे गेली होती. कड्यावरची पायवाट तुडवून झाली, भाड्याच्या सायकलींवरून उतारावर जीव मुठीत धरून झाला, थंडगार पाण्यात उडी मारून दोघांची बोंबही ठोकून झाली. उरल्या होत्या होड्या.

एकट्याने बसायच्या, अरुंद, लाल रंगाच्या होड्या. तिला दोघांची एक हवी होती. मास्तर म्हणाला, "संसारात आहोतच की एका होडीत. सुट्टीत तरी वेगळ्या घेऊ."

होडीवाल्याने निघताना बजावलं, "समोरचा सुळका दिसतोय ना? तो दिसेनासा झाला की गुमान काठाला यायचं. इथलं धुकं विचारून येत नाही."

"आमच्याकडचे पाहुणेही असेच," मास्तर म्हणाला. होडीवाला हसला नाही.

सकाळ छान होती. मास्तर पुढे, गाणं म्हणत. सूर नेहमीसारखाच, म्हणजे देवाच्या भरवशावर. कानवाली लाइफ जॅकेटचा पट्टा आवळायला खाली वाकली. मान वर केली तेव्हा सुळका नव्हता. काठ नव्हता. तिच्या स्वतःच्या होडीचं टोकही नव्हतं. आणि गाणं थांबलं होतं.

ती गप्प राहिली. नियम तसा होता. आता शिट्टी येईल म्हणून तिने कान लावला. दिवसभर पेशंटना ती हेच सांगायची की घाबरू नका, थांबा, आवाज येईल. तिच्या होडीच्या बुडाला पाणी चाटत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. शिट्टी आली नाही. ती आणखी थोडा वेळ थांबली. मग नियम, धंदा, शहाणपण सगळं एकदम पाण्यात गेलं.

"अरे, कुठे आहेस?" ती ओरडली. "बोल ना काहीतरी!" 'काहीतरी'वर तिचा आवाज फाटला.

लगेच वल्ह्याचा आवाज आला. एक डावीकडे, एक उजवीकडे, घाई नाही, अडखळणं नाही. धुक्यातून लाल टोक निघालं ते थेट तिच्या होडीला येऊन टेकलं. मागे मास्तर बसलेला.

"चल," तो म्हणाला.

तिला रडूच फुटलं. रडून झाल्यावर नेहमीप्रमाणे राग आला. "शिट्टी का नाही वाजवलीस?"

"तू हाक मारलीस ना?" तो म्हणाला. "मग आलो."

३

दोघं उतरली होती ती खोली वरच्या मजल्यावर होती. लाकडी जमीन, दोन खाटा जोडून केलेला पलंग, तळ्याकडे उघडणारी मोठी खिडकी. दुपारी कानवाली ओले कपडे खुर्चीच्या पाठीवर पसरत होती. स्वतःचा निळा शर्ट पिळून टाकताना तिचे हात थांबले.

तो सरळ आला होता.

धुक्यात, एका हाकेवर, एका कानाने. नशीब असेल, ती स्वतःला म्हणाली. आंधळ्याचाही एखादा नेम लागतो. तिने शर्ट झटकला आणि विषय संपवला. विषय मात्र संपायचं नाव घेईना.

संध्याकाळी खाली जेवायच्या टेबलाशी घरमालकीण सूप घेऊन आली. ती हळू बोलणारी बाई होती, ओठांतल्या ओठांत. ती मास्तरच्या उजव्या बाजूने वाकली आणि पुटपुटली, "मीठ लागेल का?"

"नको, बरोबर आहे," मास्तर म्हणाला आणि तिच्याकडे वळून हसला.

कानवालीचा चमचा वाटीतच राहिला. एरवी अशा वेळी तिने टेबलाखालून पाय मारायचा आणि त्याने "हां? काय?" म्हणत भलत्याच माणसाकडे बघायचं, ही त्यांची जुनी पद्धत. तिचा पाय उचललेला होता. तो तिने तसाच खाली ठेवला.

"तुला ऐकू आलं?" तिने विचारलं.

"ओठ हलताना दिसले," तो म्हणाला.

घरमालकीण त्याच्या खांद्याच्या मागून बोलली होती. तिचे ओठ दिसले असते ते फक्त कानवालीला.

संशयाचं एक असतं, तो एकदा जेवायला बसला की पोट भरेपर्यंत उठत नाही. आता तिला सगळंच दिसायला लागलं. मास्तर चढताना जिन्याच्या कुठल्याही बाजूने चढत होता. बोलताना मान डावीकडून पुढे काढत नव्हता. झोपताना तो रोज डावा कान उशीत दाबायचा, की जग बंद. आज तो उताणा पडला, दोन्ही कान मोकळे ठेवून.

४

सकाळी तो आंघोळ करून आला. तिने त्याला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. "थांब, डोकं पुसून देते."

"आज काय लाड!" तो म्हणाला. त्याने डोकं खाली घातलं आणि तिने टॉवेल त्याच्या तोंडावरून ओढून घेतला.

हे तिचं रोजचं काम होतं. एक कान तपासायचा तर दुसरा आवाजाने बुजवून टाकावा लागतो, नाहीतर चांगला कान चोरून ऐकतो आणि वाईटाचं नाव होतं. तिने डाव्या कानावर टॉवेल खसाखसा घासायला सुरुवात केली आणि उजव्या बाजूने, वीतभर अंतरावरून, श्वासाच्या आवाजात म्हणाली, "दार."

"दार," टॉवेलच्या आतून मास्तर म्हणाला.

"मीठ."

"मीठ."

"ऊन. बोट."

"ऊन. बोट." शहाण्या पेशंटसारखा तो म्हणत होता. मग तिने पुढचा शब्द नुसता ओठांनी म्हटला. आवाज काढलाच नाही. श्वासही सोडला नाही.

"घर," मास्तर म्हणाला.

तिचा हात थांबला. त्याने टॉवेल बाजूला केला. डोळे आनंदाने भरून आले होते. "अगं, मला ऐकू येतंय! या कानाने! कालपासूनच वाटत होतं, पण म्हटलं तुला सांगावं आणि भ्रम निघावा. पाणी गेलं आणि काहीतरी मोकळं झालं बघ!"

गेलेली नस पाण्याने मोकळी होत नाही. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण नवऱ्याचा कान परत आला म्हणून कुठली बायको तोंड पाडून बसेल? तिने त्याला मिठी मारली. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या खाली भीती तशीच्या तशी होती.

मग तिच्या मनाने दुसरी वाट धरली. सवलतीसाठी बहिरेपणाचं सोंग करणारे नमुने तिने ढिगाने पाहिले होते. मागे खुर्ची पाडली की दचकायचे. मास्तरही त्यातलाच असेल तर? इतकी वर्षं ती इमानाने त्याच्या डाव्या बाजूला चालत होती आणि तो मनात हसत होता? वाईट होतं ते, पण निदान तो माणूस तिचाच राहत होता. खोटारडा नवरा परवडला, असं तिला प्रामाणिकपणे वाटलं.

"घर," त्याने पुन्हा म्हटलं. "चल ना, आजच घरी जाऊ."

सुट्टी संपायला वेळ होता. आणि सुट्टीतून लवकर निघा म्हणणारा मास्तर तिने आजवर पाहिला नव्हता. घराला कुलूप लावलं की याला घर आठवतच नसे.

५

खाली नाश्त्याच्या खोलीत ती एकटीच होती, तेव्हा तळ्यावर धुकं उतरलं. घरमालकीण उठून खिडक्या लावू लागली. शेवटची खिडकी लागायच्या आत कानवालीला ऐकू आलं.

दोन लांब, एक आखूड.

फार लांबून, बारीक. पण ज्या बाईचं पोट बारीक आवाज ऐकण्यावर चालतं तिला काय सांगायचं? ती ताडकन उठली. "हे काय आहे?"

"धुक्यात येतात आवाज," घरमालकीण म्हणाली आणि खिडकीची कडी घातली. "म्हणून मी लावून घेते."

जिन्यावरून मास्तरचा आवाज आला, "पक्षी आहे गं तो." तो वरच्या पायरीवर उभा होता. त्याने हात लांब करून बंद खिडकीच्या थोडं डावीकडे बोट दाखवलं. "तिथे आहे."

आवाज बरोबर तिथूनच येत होता.

ती होड्यांच्या शेडकडे जवळजवळ पळतच गेली. होडीवाला होड्या उलट्या करून पुसत होता. तिने विचारलं, आमच्या दोन्ही होड्या आल्या ना परत?

"दोन गेल्या, दोन आल्या." तो कुरकुरला. "पण तुमच्या साहेबांना सांगा, होडी खडकावरून ओढायची नसते. मी प्रत्येकीच्या बुडाला पांढरा ठिपका लावतो. बघा, साफ खरवडून टाकलाय."

तिने वाकून बघितलं. बुडाला ठिपका नव्हता. ओरखडाही नव्हता. लाल रंग नव्या पाटीसारखा गुळगुळीत होता.

तिने मनाला सतरा वेळा समजावलं. माणसं दोन आली, होड्या दोन आल्या, हिशोब जुळतोय. तळ्यावर कोणी असायचं कारणच नाही. पण शिट्टी थांबत नव्हती. आणि तिला माहीत होतं की तिच्या नवऱ्याला एक गोष्ट पक्की पाठ आहे. ती येईपर्यंत तो जागचा हलणार नाही. दुसऱ्या कोणाचा हाका मारून मारून घसा बसला तरी तो त्याच्याबरोबर जाणार नाही. तो वाजवत बसेल.

आज ती घरी निघून गेली, तरीही.

६

वर आली तेव्हा मास्तरने दोन्ही बॅगा भरल्या होत्या. कपड्यांच्या घड्या एकसारख्या, काठाला काठ. त्याने आयुष्यात बॅग भरली होती ती लाथ मारून.

"गाडी आणतो दारात," तो म्हणाला.

"मी आंघोळ करून घेते," ती म्हणाली.

"सकाळीच तर केलीस."

"डोक्यावरून घ्यायची राहिली."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हसला आणि पलंगावर बसला. "घे. मी थांबतो."

पळायचं तर त्याच्या कानावरून पळावं लागणार होतं. न बोललेला शब्द ऐकणाऱ्या कानावरून. कानवालीने बाथरूममध्ये जाऊन कडी लावली, शॉवर पूर्ण सोडला, बेसिनचा नळ सोडला, बादलीखालचाही सोडला. आवाज बुजवायला आवाजच लागतो, हे तिने हजारदा शिकाऊ मुलींना शिकवलं होतं. पाण्याच्या त्या गदारोळात ती मागच्या जिन्याकडे उघडणाऱ्या दुसऱ्या दाराने बाहेर पडली. अनवाणी, अंगावर पिवळा कुर्ता, जॅकेट नाही.

होडीवाला शेडच्या आत होता. तिने पहिली होडी पाण्यात लोटली आणि बसली. धुकं काठापर्यंत आलं होतं. त्यात शिरायच्या आधी तिने एकदाच मागे वळून बघितलं.

वरच्या खिडकीत तो उभा होता. तिच्याकडे बघत नव्हता. त्याने उजवा कान काचेला लावला होता आणि डोळे मिटले होते.

तिने वल्हं मारलं. मागून कोणी हाक मारली नाही, कोणी आलं नाही. यायला हवं होतं, असं तिला वाटून गेलं.

७

धुक्यात दिशा नसते, पण तिला दोन कान होते आणि ते तिने आयुष्यभर कामाला लावले होते. शिट्टी झाली की ती वल्हं मारायची, थांबली की थांबायची. आवाज मोठा होत गेला. मग शिट्टीच्या आधी घेतलेला दमही ऐकू येऊ लागला.

लाल होडी. पाठमोरा माणूस. लाइफ जॅकेटच्या गळ्याशी शिट्टी, ती धरलेला हात.

तिला ओरडावंसं वाटलं. ती ओरडली नाही. काल घाईचं फळ मिळालं होतं, आज ती तपासून घेणार होती. वल्हं आडवं ठेवून ती वाहत वाहत त्याच्या उजव्या बाजूला गेली, अगदी हाताच्या अंतरावर, आणि हलकेच म्हणाली, "मास्तर."

तो हलला नाही.

"मास्तर, मी आलेय."

त्याने शिट्टी ओठांना लावली आणि वाजवली. दोन लांब, एक आखूड. तिच्याकडे लक्षच नव्हतं त्याचं. कानवालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आपला नवरा बहिरा आहे म्हणून एवढा आनंद जगात कुठल्या बाईला झाला नसेल.

ती वळसा घालून डाव्या बाजूला आली. "अरे!"

तो केवढ्याने दचकला! होडी हिंदकळली. "बाप रे! आलीस पण?" एका कानाची माणसं बोलतात तसा तो मोठ्याने बोलत होता, नेहमीसारखा. "आता कुठे वाजवायला घेतली, तोवर तू हजर. मानलं बुवा."

"आता कुठे?"

"मग? आत्ताच तर सुळका गेला." तो हसत होता. मग हसता हसता त्याचे डोळे तिच्या कुर्त्यावर आले. "तुझं जॅकेट कुठे गेलं?"

"सांगते. आधी इथून चल."

"आणि निळा शर्ट होता ना तुझा?" त्याने तिच्या पायांकडे पाहिलं. "चपला काय झाल्या?"

काय सांगणार होती ती? एक दिवस उलटलाय. खोलीत तू बसला आहेस. तुझ्या बॅगेतल्या घड्या फार चांगल्या आहेत? "अरे, माझं ऐक," ती म्हणाली. तिने त्याच्या होडीची कड घट्ट धरली. लाकडासारखी खरी होती ती, ओली, थंड. "काही विचारू नकोस. माझ्या मागे ये, बस."

तो तिला निरखत होता. वर्गात एखाद्याचं उत्तर बरोबर येतं पण रीत दुसऱ्याची वाटते, तेव्हा तो असं बघायचा.

तेवढ्यात हाक आली.

"अरे, कुठे आहेस? बोल ना काहीतरी!"

त्याच्या उजव्या बाजूने, धुक्याच्या पलीकडून. बाईचा आवाज, घाबरलेला, 'काहीतरी'वर फाटलेला. कानवालीने ती ओळखली. हाक तिचीच होती. कालची. शब्दाला शब्द, फाटायच्या जागेसकट.

मास्तरने ती ऐकली. तिने बघितलं की त्याने ऐकली. आणि त्याच वेळी तो तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि तिचं तोंड बंद होतं.

"मी आहे रे," ती म्हणाली. "मीच आहे. ती... ते नको ऐकूस."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो मागे सरकला, होडीत जेवढं सरकता येतं तेवढं. इतक्या वर्षांच्या संसारात तो रागावला होता, रुसला होता, पण तिला भ्याला कधीच नव्हता.

"धुक्यात इतकी सरळ कशी आलीस?" त्याने विचारलं. या वेळी तो हळू बोलला.

"तुझी शिट्टी ऐकून! आपला नियम—"

"नियम मला माहीत आहे," तो म्हणाला. त्याने होडीच्या कडेवरची तिची बोटं एकेक करून सोडवली. अगदी अदबीने, अनोळखी बाईचा हात बाजूला करावा तशी. मग त्याने वल्ह्याचं टोक तिच्या होडीला लावलं आणि तिला दूर लोटलं.

हाक पुन्हा आली. जवळून.

"माझी बायको बोलावतेय," मास्तर म्हणाला. "तिकडे आहे ती." आणि त्याने बोट दाखवलं.

दिशा साफ चुकीची होती.